काठीवरची उडी : ‘डकटेल्स’ हा खेळ आतून पाहताना

कार्टूनवर खेळ काढायचा ठरला की पहिली चूक ठरलेली असते. उड्या मारणारा एक तयार सांगाडा घेतात, त्यावर कार्टूनमधल्या पात्राचं चित्र चढवतात आणि खोक्यावर ओळखीचं नाव छापतात. अशा खेळात पात्र बदललं तरी काहीच बिघडत नाही, कारण ते पात्र खेळात मुळी उतरलेलंच नसतं. आज ज्या खेळाबद्दल बोलायचं आहे तिथे हे झालं नाही. कॅपकॉम कंपनीनं १९८९ साली निन्टेंडोच्या आठ-बिट यंत्रासाठी काढलेला हा खेळ म्हणजे ‘डकटेल्स’. मूळ मालिका डिस्नेची, १९८७ साली सुरू झालेली. दूरदर्शनवर १९९० च्या दशकात ती हिंदीतून लागायची, त्यामुळे इथल्या बऱ्याच जणांना तिचा नायक, स्क्रूज मॅकडक हा बदक, सांगायला नको.

स्क्रूज म्हणजे कोण? म्हातारा, अतिश्रीमंत, पैशाचा लोभी आणि हातात काठी. या चारही गोष्टी खेळाच्या नियमांत आल्या आहेत. गुण नाहीत, डॉलर आहेत. हिरे गोळा करायचे, ते पेट्यांत असतात आणि हवेतही लपलेले असतात. ठरावीक जागेवरून गेलात की रिकाम्या हवेत हिरा उमटतो. म्हणून खेळणारा प्रत्येक कोपरा चाचपतो, म्हणजे नकळत लोभी होतो. ॲमेझॉन, ट्रान्सिल्व्हेनिया, आफ्रिकेतल्या खाणी, हिमालय आणि चंद्र अशा पाच जागा आहेत आणि क्रम तुमचा तुम्ही ठरवायचा. अडचण एकच, खाणीचं दार उघडणारी किल्ली ट्रान्सिल्व्हेनियात आहे. थेट खाणीत गेलात तर परत फिरावं लागतं.

आता काठी. हत्यार एकच, पण उपयोग दोन. दगडाला किंवा पेटीला खेटून उभं राहायचं, त्या दिशेचं बटण दाबून धरायचं आणि ‘बी’ बटण दाबायचं, की स्क्रूज गोल्फसारखा फटका मारतो. समोर भक्कम भिंत असेल तर तोच हादरतो. दुसरा उपयोग पोगो, म्हणजे स्प्रिंगच्या काठीवर उभं राहून मारतात तशी उसळी. ‘ए’ बटण दाबून उडी घ्यायची, हवेत असतानाच खालचं बटण आणि बी एकत्र दाबायचं. काठी पायाखाली येते आणि बी धरून ठेवाल तोवर स्क्रूज टुणटुण उड्या मारत राहतो. नवखे खेळाडू इथेच अडतात. जमिनीवर उभं राहून खाली आणि बी दाबलं तर पोगो होत नाही. आणि उडी संपत आल्यावर दाबलं तर काठी येण्याआधी पाय टेकतात. बोटांना सांगायचं ते इतकंच, की वर जातानाच दाबा.

पोगोची उडी साध्या उडीपेक्षा उंच जाते. तिनं शत्रू मरतात, पेट्या फुटतात आणि काट्यांवरूनही इजा न होता जाता येतं. त्यामुळे पडद्यावरच्या प्रत्येक वस्तूचा अर्थ बदलतो. इतर खेळांत काटे म्हणजे मरण. इथे काटे म्हणजे फरशी, फक्त काठी पायाखाली असली पाहिजे. शत्रू म्हणजे पायरी. रचनाकारांचं खरं शहाणपण मात्र हिमालयात दिसतं. तिथल्या खोल बर्फात पोगो केला की स्क्रूज रुतून बसतो. तोवर सवयीनं सतत पोगो करणारा खेळाडू अचानक चालायला लागतो, जमीन बघायला लागतो. नवं बटण, नवं हत्यार काहीही न देता फक्त जमीन बदलून त्यांनी हे साधलं आहे.

ज्यांना असा खेळ स्वतः बनवायचा आहे त्यांच्यासाठी आता थोडं गणित. पुढचे आकडे सरावासाठी आहेत, मूळ खेळातले नाहीत. सेकंदाला ६० चौकटी (पडद्यावर एकामागून एक येणारी चित्रं) आणि जमीन ज्या चौकोनी तुकड्यांनी बनते ती फरशी १६ पिक्सेलची धरा. वेग दर चौकटीला किती पिक्सेल असा मोजा, आणि गुरुत्व ०.२५ ठेवा, म्हणजे दर चौकटीला वेग खालच्या दिशेनं तेवढा बदलतो. साध्या उडीचा सुरुवातीचा वेग ५ ठेवलात तर उंची वेगाचा वर्ग भागिले दुप्पट गुरुत्व, म्हणजे ५० पिक्सेल, तीन फरश्यांहून थोडी जास्त. पोगोचा वेग ६ केलात की उंची ७२, म्हणजे साडेचार फरश्या. वेगात फक्त एकाची वाढ, पण उंची जवळजवळ दीडपट. हवेतला वेळ ४८ चौकटी होतो. आडवा वेग दीड पिक्सेल असेल तर एका उसळीत ७२ पिक्सेल पार होतात. मग चार फरश्यांचा खड्डा पार करता येतो, पण जेमतेम. पहिला खड्डा तीनचाच ठेवा.

उसळीचा वेग कायम ठेवा, किती उंचावरून पडलात त्यावर तो अवलंबून ठेवू नका. नाहीतर खेळाडूला उडीचा अंदाज कधीच बसत नाही. पडण्याच्या वेगालाही मर्यादा हवी, सातच्या आसपास. वेग १६ च्या वर गेला तर एका चौकटीत पात्र अख्खी फरशी ओलांडून खाली निघून जातं आणि टक्कर नोंदलीच जात नाही.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो तपासणीच्या क्रमात. आधी ‘शत्रूचा स्पर्श झाला का’ पाहिलं आणि मग ‘काठी शत्रूवर आदळली का’ पाहिलं, तर नेमका पोगो केलेला खेळाडू मरतो आणि खेळ लबाड वाटतो. म्हणून आधी काठीचा आयत (टक्कर मोजण्यासाठी तिच्याभोवती धरलेला अदृश्य आयत) तपासा, तोही पात्र खाली येत असेल तेव्हाच. उसळी नोंदली गेली की त्या चौकटीत त्या शत्रूची इजा तपासायचीच नाही. काठीचा आयत चित्राहून दोन-तीन पिक्सेल रुंद आणि अंगाचा आयत चित्राहून अरुंद ठेवा. बटण थोडं लवकर दाबलं गेलं तर पाच-सहा चौकटी ते लक्षात ठेवा. ६ चौकटी म्हणजे सेकंदाचा दहावा भाग, तेवढी सवलत कुणाला जाणवतही नाही.

त्या यंत्राच्या मर्यादाही या रचनेत मिसळल्या आहेत. एका आडव्या रेषेवर ८ पिक्सेल रुंदीचे जास्तीत जास्त आठ हलते तुकडे दिसतात. १६ पिक्सेल रुंद पात्राला दोन लागतात, म्हणजे अशी चार पात्रं झाली की पाचवं दिसेनासं होतं किंवा लुकलुकतं. त्यामुळे एका पातळीवर शत्रूंची गर्दी परवडत नाही आणि प्रत्येक शत्रू विचार करून ठेवावा लागतो. ध्वनीसाठी मुख्यतः चारच वाहिन्या होत्या, दोन सुरावटीच्या, एक खर्जाची आणि एक खरखराटाची. पाचवी फक्त ध्वनीचे छोटे नमुने वाजवायची. एवढ्यात हिरोशिगे तोनोमुरा यांनी चंद्रावरच्या टप्प्याचं संगीत रचलं. ते हेडफोन लावून ऐका आणि एकेक वाहिनी वेगळी काढून पाहा. दोन सुरावटी मिळून केवढा अवकाश उभा करतात, ते तेव्हा कळतं.

२०१३ साली वेफॉरवर्ड कंपनीनं हा खेळ नव्यानं काढला. पात्रं हातानं रेखाटलेली, स्क्रूजला मालिकेतल्याच ॲलन यंग यांचा आवाज आणि पोगोसाठी आता एकच बटण. जुनी पद्धत हवी असेल तर तीही निवडता येते. हा पर्याय देणं योग्यच होतं. पण मधेमधे संवाद येतात आणि खेळ थांबतो. पोगोची लय लागली असताना पात्रं बोलू लागली की हात मोकळे पडतात, आणि हा खेळ मुळात हातांच्या लयीवर उभा आहे. गोष्ट सांगायचीच असेल तर ती चालू खेळात सांगा, दोन ओळींत, खेळाडूची उडी न अडवता.

घरी जाऊन खेळणार असाल तर ॲमेझॉनपासून सुरुवात करा. एक पट्टा असा निवडा जिथे काटे आणि शत्रू दोन्ही आहेत, आणि तो जमिनीला पाय न लावता, फक्त काठीवर पार करून पाहा. कुठे उसळी चुकली, ते उशिरा दाबल्यामुळे की आडव्या वेगामुळे, हे कागदावर लिहून ठेवा. तुमच्या स्वतःच्या खेळातला पहिला टप्पा आखताना ती टिपणं समोर ठेवा.