केमोचं कॅलेंडर

नमस्कार मंडळी. मी चोपडा तालुक्यातली, केळीवाल्यांच्या घरातली. मला मोठ्या आतड्याचा कॅन्सर आहे, तो लिव्हरपर्यंत गेलाय, म्हणजे चौथी स्टेज. नाव घेऊन सांगते कारण आपल्याकडे "तो आजार, तो आजार" करत बसतात आणि निम्मं बोलणं डोळ्यांनीच होतं.

भेटायला येणारं जो तो एकच विचारतं, "आते कशी शे वं माय, फरक पडना का?" आता काय सांगायचं, सोमवारी आलात तर मी भाकरी थापताना दिसेन आणि गुरुवारी आलात तर भिंतीकडे तोंड करून पडलेली, आणि दोन्ही खरंच असतं. माझी केमो अशी: दर तीन आठवड्यांनी सलाईनमधून ऑक्सॅलिप्लॅटिन नावाचं औषध, सोबत चौदा दिवस कॅपेसिटाबिनच्या गोळ्या, मग सात दिवस गोळ्यांना सुट्टी. सलाईनच्या वेळी स्टेरॉइड पण देतात, त्यामुळे पहिले एक-दोन दिवस अंगात नुसतं वारं शिरतं, झोप नाही, मी मध्यरात्री डबे घासत बसते, आणि घरचे खुश की चला, आई बरी झाली. मग ते स्टेरॉइड उतरतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी धाडकन खाली. हे औषधाचं असतं, दरवेळी आजार वाढला म्हणून नसतं. सुनेने कॅलेंडरवर त्या तारखांना पेन्सिलने गोल केलेत. त्या दिवशी पाहुणे नको, पैशाचा हिशोब नको, आणि कोणाचं भांडण तर मुळीच नको.

ऑक्सॅलिप्लॅटिनची अजून एक गंमत, त्यानंतर काही दिवस थंड सोसत नाही. आपल्याकडचा मे महिना, जळगाव-भुसावळला पारा ४५ पर्यंत, आणि माठातलं पाणी प्यायलं की घशात काटे, फ्रिजचं हँडल धरलं की बोटांत करंट. अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, सगळे गारेगार आमरस ओरपताहेत आणि मी आपली कोमट पाण्याचा पेला घेऊन बसलेय, माझं मलाच हसू येत होतं. हे ओसरतं, पण बोटांचा बधिरपणा डोसागणिक साचत जातो, तो डॉक्टरांना सांगायचा बरं का, सोसत बसायचं नाही, ते डोस कमी करतात नाहीतर ते औषध थांबवतात. आणि ताप १००.४ झाला की घरीच गोळी घेऊन सकाळची वाट बघायची नाही, पांढऱ्या पेशी कमी झालेल्या असू शकतात, रात्रीच दवाखाना गाठायचा. तोंड आलं की ठेचा-शेवभाजी बंद, फुनके-कढी मात्र जाते.

मग स्कॅन. रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मागच्या वेळी 'स्टेबल' आला तर जेठांचा चेहरा पडला, "म्हणजे कमी नाही झालं?" अहो भाऊजी, गाठ वाढली नाही, नवीन कुठे गेली नाही, चौथ्या स्टेजला ही कमाईच आहे! उद्या हे औषध लागू पडेनासं झालं तर दुसरं सुरू करतील, असंही डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलंय, आणि मला ते आधीच ऐकलेलं बरं वाटलं. "तू फायटर आहेस" म्हणणाऱ्यांचा मात्र मला राग येतो. बाई गं, मी कुठे लढतेय, मी गोळ्या खाते आणि झोपते. माणूस खचला तर काय तो हरला का?

उपचारासाठी मुंबईला जाणाऱ्यांनी हॉस्पिटलमधून रेल्वेचा सवलतीचा फॉर्म भरून घ्या, स्लीपर आणि थ्री टायर एसीत पेशंटचं भाडं माफ आणि सोबतच्याला ७५ टक्के सूट असते.

दुखण्याबद्दलही बोलते. मॉर्फिनचं नाव काढलं की आपल्याकडे "अफू देताय का, संपलं का सगळं?" असं होतं. डॉक्टरांच्या देखरेखीत ठरल्या वेळी घेतली तर ती गोळी माणसाला उठवून बसवते, फक्त पोट साफ होत नाही म्हणून त्याचं औषध सोबत मागून घ्या. पॅलिएटिव्ह केअरवाले, म्हणजे दुखणं-त्रास कमी करणारे डॉक्टर-नर्स, ते पण काही शेवटच्या आठवड्यासाठीच नसतात, केमो चालू असताना सुद्धा त्यांच्याकडे जाता येतं.

आणि डॉक्टरांना तारीख विचारायला लाजू नका. श्रावणात आमच्याकडे कानबाई देवी बसते, सगळी भाऊबंदकी जमते, रोटांचा नैवेद्य असतो, आणि माझा डोस नेमका त्याच्या तीन दिवस आधी येत होता. विचारलं, तर म्हणाले आठवडाभर पुढे ढकलू, काही बिघडत नाही. आता सुनेने जुना गोल खोडून नवा केलाय, आणि रोटाचे गहू निवडायला मी बसणार आहे.