तीन कॉर्ड्स आणि पाच डॉलर

श्रोतेहो, नमस्कार.

२६ नोव्हेंबर २०१६ची गोष्ट. लंडनला थेम्स नदीत एका होडीवर आग पेटवली होती. जो कोरे नावाचा माणूस पंक रॉक या बंडखोर, ओबडधोबड संगीताच्या आठवणींचा खजिना त्या आगीत टाकत होता. जुने कपडे, रेकॉर्डी, पोस्टरं. त्याच्या म्हणण्याप्रमाणे हा ऐवज ५० लाख पौंडांचा होता. हा माणूस काही ऐरागैरा नव्हे. सेक्स पिस्टल्स या बँडचा मॅनेजर मॅल्कम मॅक्लारेन आणि वेशभूषाकार व्हिव्हियन वेस्टवुड यांचा हा मुलगा. बँडच्या पहिल्या गाण्याला त्या दिवशी ४० वर्षं पूर्ण होत होती. लंडनमधल्या मोठमोठ्या संस्था पंकची चाळिशी थाटात साजरी करत होत्या आणि त्याला त्याचाच संताप आला होता. पंक आता संग्रहालयातली वस्तू झालं, असं त्याचं म्हणणं.

त्याचा राग मला कळतो. एक वर्ष आधीच त्याच सेक्स पिस्टल्सच्या रेकॉर्डचं चित्र छापलेली क्रेडिट कार्डं एका ब्रिटिश बँकेनं बाजारात आणली होती. न्यूयॉर्कच्या ज्या सीबीजीबी क्लबात हे संगीत वाढलं, तो २००६ साली बंद पडला आणि त्या जागी महागड्या कपड्यांचं दुकान आलं. पण ती होळी मला पटली नाही. एवढ्या किमतीचा ऐवज विकला असता, तर गावोगावच्या पोरांच्या तालमीच्या खोल्यांचं कितीतरी वर्षांचं भाडं निघालं असतं. पंकमध्ये जपण्यासारखं काय आहे, हे मला त्या खोल्यांतच दिसतं.

तर आजचं पंक मूळच्या पंकला जागतं का? या प्रश्नावर मी बरीच वर्षं मित्रांशी भांडत आलो आहे. आज तुमच्यापुढे तोच मांडतो.

आधी ते मूळ बघू. १९७६ साली न्यूयॉर्कच्या रामोन्स बँडची पहिली रेकॉर्ड आली. १४ गाणी, आणि सगळी मिळून अर्ध्या तासाच्या आत संपणारी. तो काळ लांबलचक रॉकचा होता. एकेक गाणं वीस-वीस मिनिटांचं, वाद्यांचा ट्रक भरून पसारा आणि वाजवायला वर्षानुवर्षांचा रियाज. तिकडे ब्रिटनमध्ये बेकारांची संख्या दहा लाखांच्या वर गेली होती. शाळेतून बाहेर पडलेल्या पोरांना नोकरी नव्हती, आणि रेडिओवर वाजणाऱ्या संगीताशी त्यांचं काही नातं उरलं नव्हतं. १९७७च्या जानेवारीत इंग्लंडमधल्या एका घरगुती पत्रिकेत हातानं काढलेलं एक चित्र छापून आलं. गिटारवर बोटं कुठे ठेवायची याच्या तीन आकृत्या. ही एक कॉर्ड, म्हणजे एकदम छेडायच्या सुरांची जुळणी, ही दुसरी, ही तिसरी, आता बँड काढा. बस, एवढंच.

अशा पत्रिकांना ते लोक फॅनझिन म्हणत. आपल्याकडे साठच्या दशकात मराठीत लघुअनियतकालिकं निघाली, ती ज्यांनी हाताळली आहेत त्यांना ही जात लगेच ओळखू येईल. प्रस्थापित संपादक छापत नाही ना, मग आम्हीच सायक्लोस्टाइल करतो आणि आम्हीच वाटतो. मुंबई आणि लंडन, दोन्हीकडची पोरं एकमेकांना ओळखतही नव्हती.

त्याच महिन्यात मँचेस्टरच्या बझकॉक्स बँडनं चार गाण्यांची रेकॉर्ड स्वतःच काढली. मित्रांकडून आणि घरच्यांकडून ५०० पौंड उसने घेतले आणि पहिल्या १,००० प्रती छापल्या. कुठल्याही कंपनीच्या दारात गेले नाहीत. माझ्या लेखी पंकचं मूळ तिथं आहे. केसांचे तुरे, कानातल्या सेफ्टी पिना, फाटके कपडे हे सगळं नंतर दुकानात विकत मिळू लागलं. उसन्या ५०० पौंडांची हिंमत कुठल्या दुकानात मिळत नाही.

मी कॉलेजात असताना एका मित्राच्या भावानं मुंबईहून एक कॅसेट आणली होती. नकलेची नकल, त्यामुळे निम्मं गाणं खरखरीत बुडालेलं. तरी ते ऐकताना जे वाटलं ते मला अजून नीट आठवतं. मोठमोठे गिटारवादक ऐकले की हात जोडावेसे वाटत. ही कॅसेट ऐकली आणि हातात गिटार घ्यावीशी वाटली. आम्ही चौघांनी ती घेतलीही.

पण श्रोतेहो, ते मूळही निर्मळ नव्हतं. सेक्स पिस्टल्सच्या मॅनेजरचं लंडनच्या किंग्ज रोडवर कपड्यांचं दुकान होतं आणि बँड त्या दुकानाभोवतीच जमला. क्लॅश हा सगळ्यांत राजकीय बँड, पण त्यानंही १९७७ साली सीबीएस या बड्या कंपनीशी १ लाख पौंडांचा करार केला. सुरुवातीच्या काही पंकवाल्यांनी तर लोकांना डिवचायचं म्हणून नाझींचं स्वस्तिक अंगावर मिरवलं. ते मला आजही सहन होत नाही.

हे दुरुस्त कुणी केलं? पंकवाल्यांनीच. ३० एप्रिल १९७८ला पूर्व लंडनच्या व्हिक्टोरिया पार्कात वंशद्वेषाविरुद्ध मोठा मेळा भरला. हजारो लोक मोर्चानं चालत तिथवर आले. क्लॅश वाजवायला होता. एक्स-रे स्पेक्स या बँडची पॉली स्टायरीन गायली, सोमाली बापाची आणि गोऱ्या ब्रिटिश आईची ही मुलगी. त्याच मंचावर स्टील पल्स हा कृष्णवर्णीयांचा रेगे बँड होता. स्वस्तिक मिरवणाऱ्यांना पंकनं दिलेलं ते उत्तर होतं. पुढे १९८० साली क्लॅशनं तीन रेकॉर्डींचा संच एका रेकॉर्डीच्या भावात विकायला लावला आणि त्यासाठी स्वतःच्या मानधनावर पाणी सोडलं.

म्हणजे ओढाताण पहिल्या दिवसापासून होती. एकीकडे कंपनी, दुसरीकडे स्वतःचा हात. म्हणून आजच्या बँडला जोखताना त्याचा आवाज १९७७सारखा आहे का, हे मी बघत नाही. तिकीट कितीचं आहे, दारातून कुणाला आत घेतात आणि मंच कुणाच्या मालकीचा आहे, हे बघतो.

या कसोटीवर माझ्या मनात सगळ्यांत वर फुगाझी आहे. वॉशिंग्टनचा हा बँड १९८७ ते २००२ मंचावर वाजवत होता. त्यांचं तिकीट बहुतेक ठिकाणी पाच डॉलर. कुठल्याही वयाच्या मुलाला प्रवेश, म्हणजे जिथं दारू विकल्याशिवाय भागत नाही अशा जागा आपोआपच बाद. रेकॉर्डी त्यांच्या गायकानं मित्राबरोबर १९८० साली सुरू केलेल्या डिस्कॉर्ड या छोट्या कंपनीतूनच निघायच्या. आणि त्यांची एक सवय मला फार आवडते. गर्दीत कुणी दांडगाई करून इतरांना तुडवायला लागला की गाणं थांबवायचे. त्याला बाहेर काढायचे आणि तिकिटाचे पाच डॉलर पाकिटात घालून परत द्यायचे. पाकिटं आधीच तयार ठेवलेली असत.

दुसरी जागा कॅलिफोर्नियात, बर्कलीच्या गिलमन रस्त्यावरची. १९८६च्या शेवटच्या रात्री सुरू झालेलं हे सभागृह स्वयंसेवक चालवतात. वंशद्वेष नको, बायकांचा अपमान नको, मारामारी नको, दारू नको, हे नियम भिंतीवर रंगवलेले. आणखी एक कडक नियम होता, बड्या कंपनीशी करार केलेल्या बँडला इथं मंच नाही. ग्रीन डे या बँडची पोरं तिथंच मोठी झाली. त्यांनी बड्या कंपनीशी करार केला, १९९४ची त्यांची रेकॉर्ड एक कोटीहून जास्त खपली आणि गिलमनचं दार त्यांना बंद झालं.

घरच्यांनीच दार लावून घ्यावं, हे फार दुखरं आहे. तरी तो नियम मला बरोबर वाटतो, कारण ग्रीन डेसाठी जगभरची स्टेडियमं उघडी होती आणि गल्लीतल्या नवख्या बँडला ती एवढीच जागा होती. २०१५ साली ग्रीन डे तिथं परत वाजवायला आले, ते आगीत सापडलेल्या एका प्रकाशन संस्थेच्या मदतीसाठी. त्या रात्री मी तिथं असायला हवं होतं, असं अजून वाटतं.

आता आजच्याकडे येऊ. पंक वाजवण्याची किंमत अजूनही कुणी मोजतं का? मोजतात, आणि जबर मोजतात. २०११च्या डिसेंबरात इंडोनेशियातल्या बांदा आचे शहरात पोलिसांनी एका कार्यक्रमातून साठहून अधिक पंक पोरापोरींना उचललं. पोरांची डोकी भादरली, त्यांना तळ्यात आंघोळ करायला लावली आणि सुधारणुकीच्या नावाखाली दहा दिवस डांबून ठेवलं. २०१२ साली मॉस्कोच्या कॅथीड्रलमध्ये पुसी रायट या रशियन पंक गटाच्या मुली मिनिटभर गायल्या. तिघींना दोन-दोन वर्षांची शिक्षा झाली. म्यानमारमधल्या यांगूनचा द रिबेल रायट हा बँड लष्करशाहीविरुद्ध गात आला आहे आणि त्याच बँडची मंडळी रस्त्यावरच्या भुकेल्यांना जेवण वाटत आली आहेत. पंक मेलं असं ज्यांना वाटतं, त्यांनी बांदा आचेच्या त्या पोरांचे फोटो एकदा बघावेत.

आपल्याकडे मुंबईत द रायट पेडलर्ससारखे बँड झाले, इंग्रजीतून गाणारे. मराठीत मात्र असं तीन कॉर्ड्सचं, दोन मिनिटांचं, आपल्या गल्लीतल्या रागाचं गाणं मला ऐकायचं आहे. कुणी करत असाल तर मी पाच डॉलरपेक्षा जास्त देईन.

शेवटी एका वाचनालयात जाऊ. मे २०२१, लॉस एंजेलिस. सार्वजनिक वाचनालयात, पुस्तकांच्या कपाटांपुढे चार मुली वाजवतायत. द लिंडा लिंडाज. ड्रमवर बसलेली मुलगी दहा वर्षांची. गाणं सुरू होण्याआधी ती सांगते, की टाळेबंदीच्या थोडं आधी वर्गातला एक मुलगा तिच्याकडे आला. चिनी लोकांपासून लांब राहा असं बाबांनी सांगितलंय, असं तो म्हणाला. मी चिनी आहे, असं तिनं सांगितल्यावर तो मागे सरकला. त्यावर तिनं आणि बँडमधल्याच तिच्या नात्यातल्या बहिणीनं मिळून गाणं रचलं.

या मुली पुढे एका स्वतंत्र कंपनीकडे गेल्या आणि २०२४ साली ग्रीन डेच्या दौऱ्यात स्टेडियममध्येही वाजवून आल्या. ती ओढाताण त्यांच्याही वाट्याला आलीच आहे. मी मात्र अजून तो वाचनालयातलाच व्हिडिओ लावतो. एवढं सांगून ती दहा वर्षांची पोर काठ्या उचलते, आणि कपाटांतल्या पुस्तकांपुढे चौघी एकदम वाजवायला लागतात.

नमस्कार.