तारलीचं तेल मुळात कुणाचं?

नमस्कार श्रोतेहो.

पाऊस ओसरला, होड्या पुन्हा दर्यात गेल्या की रत्नागिरीच्या बाजारात तारली दिसू लागते. स्वस्त मासळी. पापलेट-सुरमईच्या पंगतीत तिला कुणी बसवत नाही, आणि पाहुणे आले की तर नाहीच नाही. पण या दिवसांतली तारली तव्यावर टाकून बघा. चमचाभर तेल घातलं असेल तर उतरवताना दोन चमचे दिसतं, इतकी ती चरबीनं भरलेली असते. मलबारच्या किनाऱ्यावर तर पूर्वी तारल्या उकळून तेल काढत आणि ते होड्यांच्या लाकडाला चोपडत.

मी महाविद्यालयात प्राणिशास्त्र शिकवायचे. प्रात्यक्षिकाला तारली असली की मुलांना आधी तिचा कल्ला उघडायला सांगायचे. आतल्या कमानीवर दाट, बारीक कंगवा असतो. तारली तोंड उघडून पोहते, पाणी कल्ल्यातून बाहेर जातं आणि कंगव्यात अडकतं ते तिचं जेवण. मग पोट फाडायचं. आत हिरवट-तपकिरी लगदा. त्यातला थेंबभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की काचेच्या नाजूक डब्या दिसायच्या, झाकणासकट. हे डायटम. मराठीत त्यांना करंडक वनस्पती म्हणतात, आणि इतकं नेमकं नाव क्वचितच कुणाला मिळालं असेल. एका पेशीचं शैवाल, भोवती वाळूच्याच जातीच्या पदार्थाचं कवच.

पावसाळ्यात पश्चिम किनाऱ्यालगत वरचं पाणी बाजूला सरतं आणि तळाचं थंड, खताळ पाणी वर येतं. त्या खतावर हे डायटम फोफावतात आणि त्यांच्यामागे तारलीचे थवे येतात. १९२० च्या दशकात मद्रासच्या मत्स्य खात्यातले जेम्स हॉर्नेल आणि त्यांचे सहकारी नायुडू यांनी मलबारच्या तारलीचा अभ्यास केला, तेव्हा समुद्रातल्या या सूक्ष्म वनस्पतींची नोंदही सोबत ठेवली. मासा समजायचा तर त्याचं ताट बघावं लागतं, हे त्यांना शंभर वर्षांपूर्वी उमगलं होतं.

आता मुद्द्यावर येते. मासळीच्या तेलाचं कौतुक होतं ते त्यातल्या दोन मेदाम्लांसाठी, म्हणजे चरबीच्या दोन घटकांसाठी, ईपीए आणि डीएचए. ही ओमेगा-३ कुळातली. डीएचए आपल्या मेंदूत आणि डोळ्याच्या पडद्यात ठासून भरलेलं असतं. पण तारली, बांगडा किंवा परदेशातला सामन मासा ही मेदाम्लं स्वतः फारशी बनवत नाही. ती बनवतं शैवाल. तारली शैवाल खाते, किंवा बांगडा शैवाल खाणारे बारीक जीव खातो, आणि तेल एका पोटातून दुसऱ्या पोटात सरकत जातं. मासा हा मधला व्यापारी. माल त्याचा नव्हेच.

इथं आमच्या विदर्भातल्या सासूबाई असत्या तर म्हणाल्या असत्या, "मंग जवसाची चटणी काय खोटी हाय काय?" खोटी मुळीच नाही. जवसाच्या तेलात निम्म्याहून जास्त भाग ओमेगा-३ असतो, पण तो आल्फा-लिनोलेनिक आम्ल नावाचा, त्याची कार्बनची साखळी ईपीए-डीएचएपेक्षा आखूड. आपलं शरीर त्यापासून ईपीए आणि डीएचए बनवू शकतं, फक्त फार कंजुषीनं. शंभरातले थोडेसे भाग ईपीए होतात आणि मोठ्या माणसांत डीएचए होणारे तर बहुधा एकाच्याही आत. बायकांमध्ये हे प्रमाण जरा बरं असतं. तेव्हा चटणी खाच, पण ती तारलीची जागा घेईल असं नाही.

मग शाकाहारी माणसानं काय करायचं? व्यापाऱ्याला वगळून थेट मळ्यात जायचं. हे आज शक्य झालंय, आणि त्याची गोष्ट चक्क अंतराळातून सुरू होते. १९८० च्या दशकात अमेरिकेत, लांबच्या प्रवासात अंतराळवीरांना अन्न आणि प्राणवायू शैवालापासून देता येईल का, यावर नासाच्या पैशानं संशोधन चाललं होतं. त्या कामातल्या शास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये मेरीलँडमध्ये मारटेक नावाची कंपनी काढली. अंतराळ राहिलं बाजूला. त्यांच्या हाती लागलं क्रिप्थेकोडिनियम कोहनी. सडत्या समुद्रशेवाळावर वाढणारा हा जीव हिरवा नाही, त्याला उन्हाची गरज नाही. पोलादाच्या बंद टाकीत, अंधारात, साखर खाऊन तो वाढतो. भरपूर वाढला की त्याचा नायट्रोजनचा पुरवठा तोडतात. नवी पेशी करता येईना, साखर तर येतेच आहे, मग तो ती तेल करून साठवतो. त्या तेलात सुमारे ४० टक्के डीएचए. २००१ मध्ये अमेरिकेच्या अन्न-औषध प्रशासनानं बाळांच्या दुधाच्या भुकटीत ते वापरायला हरकत नसल्याचं कळवलं. (आईच्या दुधात डीएचए मुळातच असतं. आपल्याकडे त्या भुकटीच्या जाहिरातीला कायद्यानं बंदी आहे, आणि ती योग्यच आहे.)

दुसरा जीव आपल्या ओळखीच्या चिखलातला. खारफुटीची पानं गळून खाजणात पडतात, काळी पडतात, कुजतात. त्या पानांवर थ्रॉस्टोकायट्रिड नावाचे एकपेशीय जीव राहतात. गोव्यात दोना पावलाच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेत शेषगिरी रघुकुमार यांनी या दुर्लक्षित जीवांवर कितीतरी वर्षं काम केलं. शिझोकायट्रियम हा त्यांच्यातलाच एक, आणि आज बाजारातल्या बऱ्याच 'शैवाल तेला'चा खरा उत्पादक. गंमत अशी की काटेकोर वर्गीकरण करणारा त्याला शैवाल म्हणणारच नाही. बाटलीवर मात्र शैवालच लिहितात.

एवढ्या टाक्यांची गरज फक्त शाकाहाऱ्यांमुळे पडलेली नाही. जगातलं कितीतरी मासळीचं तेल पाळीव सामन माशांना खाऊ घालण्यात जातं, आणि त्यातलं पुष्कळसं पेरूच्या अँकोव्ही या छोट्या माशातून येतं. २०२३ मध्ये पेरूला अँकोव्हीचा पहिला हंगाम रद्द करावा लागला आणि तेलाचे भाव चढले. सामनला शैवालाचं तेल पुरवणारा मोठा कारखाना अमेरिकेत नेब्रास्काच्या ब्लेअर गावी २०१९ मध्येच सुरू झाला होता. नेब्रास्का म्हणजे मक्याचा मुलूख, समुद्र शेकडो कोस लांब.

आता जाहिराती काय सांगतात आणि प्रयोग काय सांगतात, ते बघू. हृदयविकार टळेल म्हणून धडधाकट माणसानं रोज गोळी घ्यावी, याला भक्कम आधार नाही. अमेरिकेत 'व्हायटल' नावाच्या चाचणीत २५,८७१ लोक होते. रोज एक ग्रॅम ओमेगा-३ घेऊन हृदय आणि मेंदूच्या मोठ्या झटक्यांचं एकूण प्रमाण लक्षणीय कमी झालं नाही. उलट मोठ्या मात्रेनं काहींच्या हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढतो, म्हणून मनानं मात्रा वाढवू नका. गरोदरपणाचं चित्र मात्र आशादायक आहे. कॉक्रेन ही संस्था वैद्यकीय चाचण्या एकत्र करून आढावा घेते. तिच्या २०१८ च्या आढाव्यात ७० चाचण्या आणि सुमारे २०,००० स्त्रिया होत्या. ओमेगा-३ घेणाऱ्यांत ३४ आठवड्यांआधीची बाळंतपणं ४.६ टक्क्यांवरून २.७ टक्क्यांवर आली. मासे न खाणाऱ्या गरोदर बाईनं शैवालाच्या डीएचएबद्दल आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेच्या शिफारशीत गरोदरपणी रोज किमान २०० मिलिग्रॅम डीएचए आहे. इतर मोठ्यांसाठी ईपीए आणि डीएचए मिळून २५० मिलिग्रॅम.

दुकानात गेलात तर डबीच्या पुढच्या बाजूचा आकडा विसरा. '१००० मिलिग्रॅम' हे बहुधा तेलाचं वजन असतं. मागं बारीक अक्षरात डीएचए किती ते वाचा. गोळीचं कवच जिलेटिनचं आहे का बघा. आत शैवाल आणि बाहेर जनावराच्या हाडाकातड्याचं कवच, असंही होतं. आणि स्पिरुलिना या नीलहरित शेवाळाची हिरवी भुकटी ओमेगा-३ म्हणून कुणी गळ्यात मारत असेल, तर परत फिरा. स्पिरुलिनात प्रथिनं चांगली, पण चरबी मुळात थोडी, आणि डीएचए नाही.

आमच्या शेजारच्या काकू कडक शाकाहारी. सुनेला दिवस गेले, डॉक्टरांनी शैवालाच्या तेलाच्या गोळ्या लिहून दिल्या. काकू डबी घेऊन माझ्याकडे आल्या, झाकण उघडून माझ्या नाकाशी धरली. "अगं, हे शाकाहारी कसं? वास तर मासळीचाच येतोय!" मी म्हटलं, "काकू, उलटं आहे. मासळीला शैवालाचा वास येतो." हे अर्धंच खरं, मासळीच्या वासाला इतरही कारणं असतात. पण या तेलांना हवा लागली की तसा वास सुटतोच. म्हणून डबी घट्ट लावून थंड जागी ठेवायची, फोडणीला हे तेल कधीच वापरायचं नाही, आणि हलक्या वासाऐवजी खवट घाण यायला लागली तर सरळ फेकून द्यायची.

काकूंनी डबी फ्रिजमध्ये ठेवली आहे. पण वेगळ्या कप्प्यात, देवाच्या दुधापासून लांब.

नमस्कार.