दोन टोकांना दोन माणसे

(दृश्य: बॉयलरचा लोखंडी जिना, खालून वर. हलणारा बॅटरीचा उजेड.)

कृष्णाकाठच्या या साखर कारखान्यात ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्यात पहाटे पाच वाजता बॉयलरचा जिना चढणारी ही तरुणी इन्स्ट्रुमेंट विभागात यंदाच रुजू झाली आहे. तिच्या पाठीवरच्या पिशवीत एक लूप कॅलिब्रेटर, एक मल्टिमीटर, दोन स्क्रू ड्रायव्हर, इन्सुलेशन टेपचे रीळ आणि प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेली एक वही आहे. गळीत हंगामाला नऊ दिवस उरले आहेत. अग्निप्रदीपनाची तारीख ठरली आहे, निमंत्रणपत्रिका वाटून झाल्या आहेत, ऊसतोडणीच्या टोळ्या गावे सोडून निघाल्या आहेत. आणि बॉयलरवर, मिलवर, टर्बाइनवर बसवलेल्या शेकडो उपकरणांपैकी प्रत्येक उपकरण खरे सांगते की नाही, एवढे एक काम या नऊ दिवसांत बसवायचे आहे.

हंगाम संपला की कारखाना खोलला जातो. मिलचे रोलर उतरतात, बॉयलरच्या नळ्या साफ होतात, वेल्डिंग होते, रंग लागतो. या सगळ्यांच्या वाटेत येणारी केबल कोणीतरी सोडवतो, कोणीतरी बाजूला बांधतो, आणि पावसाळा सरल्यावर ती पुन्हा जोडणारा माणूस बहुधा तिसराच असतो. म्हणून गेल्या एप्रिलला बिनचूक चालणारी यंत्रणा ऑक्टोबरमध्येही तशीच असेल, असे इथे कोणी गृहीत धरत नाही. प्रत्येक तार पहिल्यांदाच भेटते आहे, असे समजून तिची चौकशी होते. उपकरणापासून कंट्रोल रूमपर्यंत जाऊन परत येणारा तारांचा फेरा म्हणजे लूप, म्हणून या चौकशीला लूप चेकिंग म्हणतात.

(दृश्य: ट्रान्समीटरचे उघडलेले झाकण. आत दोन स्क्रू, दोन तारा, पिवळ्या फेरूलवरचे आकडे.)

काम दिसायला साधे आहे. वर असलेली व्यक्ती ट्रान्समीटरच्या, म्हणजे पातळी किंवा दाब मोजून विजेच्या प्रवाहाने खाली कळवणाऱ्या उपकरणाच्या, तारा सोडवून त्या कॅलिब्रेटरला जोडते आणि ठरावीक विद्युतप्रवाह सोडते. खाली कंट्रोल रूममध्ये बसलेली व्यक्ती पडद्यावर काय उमटले ते वाचते. खाली बसले आहेत ते या विभागातले सर्वांत जुने इंजिनिअर. त्यांना सगळे आण्णा म्हणतात. वॉकीटॉकीवरचा हा संवाद आम्ही कापलेला नाही.

"एलटी शंभर एक. फोर दिले."

"एलटी शंभर एक. फोर आले, शून्य टक्के."

"एट दिले."

"एट आले, पंचवीस टक्के."

बारा, सोळा, वीस, आणि मग त्याच पायऱ्यांनी उलटे खाली. प्रत्येक वेळी आकडा देणारा बोलतो आणि घेणारा तोच आकडा परत म्हणतो. नुसते 'हो' किंवा 'आले' म्हणून चालत नाही, हा आण्णांनी या मुलीला शिकवलेला पहिला नियम. दुसरा नियम असा, की उपकरणाचा उल्लेख नेहमी पूर्ण टॅग नंबरने, म्हणजे 'एलटी शंभर एक' अशा त्याच्या स्वतःच्या ओळखीने करायचा. 'ते वरचे', 'डावीकडचे' असे शब्द वॉकीटॉकीवर काढायचे नाहीत, कारण बोलणाऱ्याची डावी बाजू ऐकणाऱ्याला दिसत नसते.

चार मिलिअँपिअरपासूनच मोजणी का सुरू होते, हे इथे थोडे विस्ताराने सांगायला हवे. पूर्वी कारखान्यांत हे संदेश हवेच्या दाबावर चालत. तांब्याच्या बारीक नळ्यांतून ३ ते १५ पीएसआय दाबाची हवा फिरायची. ३ म्हणजे शून्य टक्के आणि १५ म्हणजे शंभर. नळी तुटली तर दाब तीनच्याही खाली जाई आणि बिघाड झाल्याचे कळे. विजेवर चालणारी उपकरणे आली तेव्हा हेच शहाणपण पुढे चालवून ४ ते २० मिलिअँपिअर हे माप रूढ झाले. टाकी रिकामी असेल तर चार आणि तार तुटली असेल तर शून्य, म्हणजे 'काही नाही' आणि 'मला माहीत नाही' या दोन गोष्टी वेगळ्या ओळखता येतात. शिवाय ट्रान्समीटर स्वतः ज्या विजेवर जगतो तीही याच दोन तारांतून येते आणि ते किमान चार मिलिअँपिअर त्याला पुरतात. १९७५ मध्ये संगणकावर चालणाऱ्या विकेंद्रित नियंत्रण प्रणाली बाजारात आल्या, पुढे पडदे बदलले, प्रोसेसर बदलले. पण जिन्याच्या टोकाच्या या डब्यातल्या दोन तारा आणि त्यांच्यातले चार ते वीस मिलिअँपिअर आजही तेच आहेत.

(दृश्य: वही. निळ्या शाईतले तक्ते, कोपरे तेलकट.)

मी स्वतः चित्रीकरणाकडे वळण्याआधी काही वर्षे हेच काम केले आहे आणि माझ्या हातून झालेली एक चूक इथे सांगणे मला आवश्यक वाटते. एका प्रकल्पावर दोन फीड पंपांच्या दाबाचे ट्रान्समीटर शेजारी शेजारी होते. उन्हात तिथवर जाणे टाळून मी प्रवाह थेट पॅनलच्या टर्मिनलवर सोडला, पडद्यावर दोन्ही आकडे बरोबर आले आणि मी दोन्ही लूपवर सही केली. प्रत्यक्षात जंक्शन बॉक्सपलीकडे (वाटेत केबल जोडण्याचा डबा) दोन्ही ट्रान्समीटरच्या केबलांची अदलाबदल झाली होती. संयंत्र सुरू झाल्यावर एक पंप बंद पडला, ऑपरेटर दुसऱ्याकडे धावला आणि बॉयलर ट्रिप झाला, म्हणजे आपोआप बंद पडला. माझ्या वरिष्ठांनी मला चारचौघांत एक शब्दही सुनावला नाही. संध्याकाळी त्यांनी मला त्या जंक्शन बॉक्सपाशी नेले, स्वतः विसाव्या वर्षी केलेली तसलीच एक चूक सांगितली आणि म्हणाले, "सही करायची ती तारेच्या शेवटच्या टोकावर उभे राहून."

आण्णांच्या वहीत अशा चुकांची वेगळी पाने आहेत. त्यांतल्या काही त्यांच्या, काही सहकाऱ्यांच्या, तर काही शेजारच्या कारखान्यांतल्या आहेत. या भागातल्या कारखान्यांचे संचालक एकमेकांशी ऊस आणि दर यांवरून स्पर्धा करत असतील. इन्स्ट्रुमेंट विभागांत मात्र रात्री दोन वाजता फोन उचलला जातो, कार्ड जळाले तर सुटे कार्ड मोटारसायकलवरून पोचते, आणि मोबदल्यात एवढीच अपेक्षा असते की बिघाड नेमका कशामुळे झाला ते नंतर कळवावे.

(दृश्य: मिल हाऊस. सोलेनॉइड व्हॉल्व्हच्या एक्झॉस्टवर बॅटरीचा प्रकाशझोत.)

दुसऱ्या दिवशी दुपारचे हे दृश्य पाहा. स्टीम लाइनवरच्या एका शट-ऑफ व्हॉल्व्हला बंद होण्याचा आदेश दिला आहे; पॅनलवरचा दिवा सांगतो की सोलेनॉइडचा, म्हणजे व्हॉल्व्हला उघडे धरणारी हवा विजेच्या इशाऱ्यावर सोडून देणाऱ्या छोट्या झडपेचा, वीजपुरवठा तुटला, तरीही व्हॉल्व्ह उघडाच आहे. नव्या माणसाने कार्ड तपासले असते, वायरिंग तपासले असते, प्रोग्रॅम उघडून पाहिला असता. आण्णा काहीही न बोलता सोलेनॉइडच्या एक्झॉस्टच्या छिद्रापाशी बॅटरी धरतात. करंगळीही जाणार नाही अशा त्या छिद्रात कुंभारमाशीने पावसाळ्यात मातीचे घर केले आहे. हवा बाहेर पडायला वाट नाही, म्हणून व्हॉल्व्ह मिटत नाही. माती काढायला एक खिळा पुरतो. त्यानंतर आण्णा मुलीला छिद्रावर जाळीचे टोपण बसवायला लावतात आणि कारखान्यातल्या अशा सगळ्या व्हॉल्व्हची यादी तिच्याच हाताने वहीत उतरवून घेतात. हा बिघाड कोणत्याही मॅन्युअलमध्ये नसतो. तो एका माणसाकडून दुसऱ्याकडे सांगितला तरच पुढे जातो.

असेच ड्रमच्या, म्हणजे बॉयलरच्या वरच्या पाणी-वाफेच्या टाकीच्या, पाणीपातळीचे आहे. अलीकडच्या सहवीजनिर्मितीच्या बॉयलरांत वाफेचा दाब चौरस सेंटिमीटरला ११० किलोपर्यंत आणि तापमान ५४० अंशांपर्यंत असते, आणि एवढ्या दाबाखालच्या पाण्याची पातळी दोन नळ्यांतल्या दाबाच्या फरकावरून ओळखली जाते. त्यांतली एक नळी कायम पाण्याने भरलेली असावी लागते. तिला वेट लेग म्हणतात. ऑफ सीझनमध्ये कोणी तिचा ड्रेन उघडला आणि ती पुन्हा भरायची राहिली, तर ट्रान्समीटरला फरक कमी दिसतो आणि पडद्यावर ड्रम भरलेला दिसतो, मग आत पाणी असो वा नसो. ट्रान्समीटर चांगला, तार चांगली, चार ते वीस बरोबर, कॅलिब्रेशनचे प्रमाणपत्र जोडलेले, आणि तरीही आकडा खोटा. म्हणून वेट लेग भरताना इथे एक माणूस समोर उभा राहतो, बुडबुडे येणे थांबेपर्यंत वाट पाहतो, आणि मगच वहीत वेळ लिहितो.

(दृश्य: गेज ग्लास. पाण्याची रेषा हळूहळू खाली सरकते.)

आणि ही आमच्या चित्रीकरणातली सर्वांत महत्त्वाची तीन मिनिटे आहेत. बॉयलर थंड आहे. ड्रममधले पाणी मुद्दाम सोडले जात आहे. वर गेज ग्लाससमोर ती मुलगी काचेतली रेषा वाचून दाखवते आणि खाली आण्णा तीन ट्रान्समीटरांचे तीन आकडे वाचतात. पातळी धोक्याच्या खूणेखाली गेली की तिघांपैकी दोघांनी साक्ष द्यायची, तशी साक्ष मिळताच भट्टीत बगॅस (उसाचा चोथा) टाकणारा फीडर आणि हवेचा पंखा आपोआप थांबायचा, अशी ही रचना आहे. एकाच ट्रान्समीटरवर भरवसा ठेवला तर तो बिघडल्यावर बॉयलर उगाच बंद पडेल किंवा गरजेच्या वेळी बंदच पडणार नाही.

ही चाचणी कॅलिब्रेटरनेही करता येते. पाच मिनिटांत होते आणि कागदावर सारखीच दिसते. आण्णा ती मान्य करत नाहीत, आणि माझ्या मते त्यांचेच बरोबर आहे, कारण कॅलिब्रेटर तारेची परीक्षा घेतो; नळी, वेट लेग, व्हॉल्व्ह आणि पाणी यांची परीक्षा फक्त पाणीच घेऊ शकते. त्यासाठी अर्धा दिवस लागतो. हा अर्धा दिवस मागितल्यावर मिळत नाही, तो वेळापत्रकात आधीच लिहून घ्यावा लागतो, आणि कारखान्याच्या व्यवस्थापनाने तो लिहून द्यावा यासाठी ही चित्रफीत केली आहे. ड्रममधले पाणी संपलेले कळले नाही तर नळ्या फुटतात आणि माणसे जातात.

रेषा खूणेखाली गेली. पहिला ट्रान्समीटर बोलला. दुसरा बोलला. फीडर थांबला.

"काय वेळ झाली?"

"अकरा बेचाळीस, आण्णा."

"लिही."

(दृश्य: कंट्रोल रूम. स्टीलच्या ग्लासांतला चहा. भिंतीवर टांगलेले लाल पुठ्ठ्याचे रजिस्टर.)

भिंतीवरचे हे लाल रजिस्टर बायपासचे आहे. चाचणीच्या काळात एखादे इंटरलॉक, म्हणजे धोका दिसताच यंत्र आपोआप थांबवणारी रचना, तात्पुरते बाजूला ठेवावे लागते, एखादा सिग्नल प्रोग्रॅममध्ये फोर्स करावा, म्हणजे हाताने ठरवून द्यावा लागतो. त्यात गैर काही नाही. धोका असतो तो नंतर विसरण्यात. म्हणून कोणता टॅग, कोणी, किती वाजता, कशासाठी आणि कोणाला सांगून बायपास केला, हे आधी लिहायचे आणि मग माऊसला हात लावायचा. पाळी बदलताना जाणारा इंजिनिअर येणाऱ्याला हे रजिस्टर मोठ्याने वाचून दाखवतो. बाहेरच्या कंपनीचे सर्व्हिस इंजिनिअर, मग ते कोठूनही आलेले असोत आणि कोणतीही भाषा बोलत असोत, पहिल्या चहाबरोबर हेच रजिस्टर हातात घेतात. आज रात्री त्यात अकरा नोंदी उघड्या आहेत. अग्निप्रदीपनाच्या आदल्या संध्याकाळी एकही उरलेली नव्हती. शेवटच्या नोंदीवर रेघ मारताना मुलीचा हात आम्ही टिपला आहे.

(दृश्य: अग्निप्रदीपन. हार, नारळ, भट्टीच्या दारातला पहिला जाळ. आवाज मूळचाच.)

(दृश्य: कंट्रोल रूम, तीन दिवसांनंतर. पडद्यावरचे तीन रंगांचे आलेख.)

गव्हाणीत मोळ्या पडल्या आहेत, मिल फिरते आहे आणि टर्बाइनने प्रथमच मोठा भार घेतला आहे. ड्रमच्या पातळीचा निळा आलेख अचानक वर चढतो. खुर्चीवर ती मुलगी आहे. पाणी वाढलेले पाहून तिचा हात माऊसकडे जातो. फीड वॉटर कमी करावे, असे कोणालाही वाटेल.

"थांब बाळ. पाणी नाही ते, फुगवटा आहे."

वाफेची मागणी एकाएकी वाढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि पातळी चढल्यासारखी दिसते, जेव्हा खरे म्हणजे पाणी नेहमीपेक्षा वेगाने वाफ होऊन निघून जात असते. अशा वेळी केवळ पातळी पाहून पाणी कमी करणे म्हणजे उलट्या दिशेने जाणे होय. यासाठीच नियंत्रकाला पातळीच्या जोडीला बाहेर जाणाऱ्या वाफेचा आणि आत येणाऱ्या पाण्याचा प्रवाहही दाखवलेला असतो. थ्री एलिमेंट कंट्रोल म्हणतात ते हेच. ते तीनही लूप या दोघांनी गेल्या आठवड्यात चार ते वीस, वीस ते चार असे तपासले आहेत.

मुलीचा हात मागे येतो. वाफेचा लाल आलेख वर गेलेला आहे. त्याच्या मागोमाग पाण्याचा हिरवा आलेख आपणहून चढू लागतो. निळी रेषा काही क्षण वरच थांबते, मग खाली उतरते, खूणेच्या थोडी खाली जाते आणि पुन्हा पन्नास टक्क्यांवर येऊन ठेपते. आण्णा उठतात, ग्लास उचलतात आणि वही तिच्यापुढे सरकवून चहाला बाहेर पडतात. ती वेळ लिहिते.