बँड मोडल्यावर ऐकला गेलेला अल्बम

'द झॉम्बीज' या इंग्लिश बँडचा 'ओडेसी अँड ओरॅकल' हा अल्बम 19 एप्रिल 1968 रोजी इंग्लंडमध्ये बाजारात आला, तेव्हा तो वाजवणारा बँडच उरलेला नव्हता. चार महिन्यांपूर्वी, डिसेंबर 1967 मध्ये, पाचही जणांनी एकमेकांचा निरोप घेतला होता. जाहिरातीसाठी दौरा नाही, रेडिओवर मुलाखत द्यायला कोणी नाही, समीक्षकांचे मत थोडे बरे, थोडे उदासीन आणि विक्री अगदीच किरकोळ, अशा अवस्थेत ही तबकडी दुकानांत पोहोचली. आज चेंबर पॉपचा विषय निघाला की ज्या मोजक्या अल्बमची नावे आधी घेतली जातात, त्यांत हे नाव असतेच.

चेंबर पॉप म्हणजे तीन-चार मिनिटांच्या साध्या पॉप गाण्याला पाश्चात्त्य अभिजात संगीतातील छोट्या वाद्यमेळाचा पोत देणे. चेलो, बासरी, हार्प्सिकॉर्ड हे पियानोच्या आधीचे तारा छेडणारे वाद्य, ब्रास म्हणजे पितळी फुंकवाद्ये आणि चर्चमधील समूहगायनासारखे एकावर एक रचलेले आवाज त्यात गिटार आणि ड्रम यांच्या बरोबरीने वावरतात. झॉम्बीजना हा पोत उसना आणावा लागला नाही. लंडनच्या उत्तरेला असलेल्या सेंट ऑल्बन्स या गावातील शाळकरी मित्रांचा हा बँड साठच्या दशकाच्या आरंभी जमला. कीबोर्ड वाजवणारे रॉड आर्जंट लहानपणी तिथल्या कॅथेड्रलच्या गायकवृंदात गात असत, आणि कोणत्या स्वरावर कोणता स्वर ठेवला की अंगावर काटा येतो, हे त्यांच्या कानात तेव्हापासून पक्के बसले होते.

त्यांचे 'शीज नॉट देअर' हे पहिलेच गाणे 1964 मध्ये अमेरिकेत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले. पुढची गाणी मात्र एकामागून एक मागे पडत गेली. 1967 मध्ये सीबीएस या तबकड्या काढणाऱ्या कंपनीशी नवा करार झाला, तेव्हा आर्जंट आणि बास गिटार वाजवणारे ख्रिस व्हाइट यांचा आग्रह होता की आपली गाणी आपल्या मनाप्रमाणे आपणच ध्वनिमुद्रित करायची. कंपनीने ते मान्य केले आणि हातावर 1000 पौंड ठेवले. त्या रकमेत बारा गाण्यांचा अख्खा अल्बम बसवायचा होता.

जून 1967 मध्ये ते ॲबी रोडवरील ईएमआय स्टुडिओत दाखल झाले. बीटल्सनी 'सार्जंट पेपर' हा अल्बम याच इमारतीत नुकताच पूर्ण केला होता आणि त्यांच्यासाठी काम केलेले ध्वनिमुद्रण अभियंते जेफ एमरिक आता झॉम्बीजच्या ध्वनिमुद्रणालाही बसत होते. जॉन लेनन यांचे मेलोट्रॉन तिथेच ठेवलेले होते आणि आपण ते बिनदिक्कत वापरले, असे आर्जंट यांनी पुढे सांगितले आहे. हे वाद्य बाहेरून पियानोसारखे दिसते, पण त्याच्या प्रत्येक पट्टीखाली ध्वनिफितीचा एक तुकडा असतो. पट्टी दाबली की त्या तुकड्यावर मुद्रित केलेला चेलो किंवा बासरी वाजू लागते आणि सुमारे आठ सेकंदांत फीत संपते. वाद्यवृंद बोलावण्याइतके पैसे नसल्यामुळे या अल्बममधील तारवाद्यांचा आणि बासऱ्यांचा भार या यंत्राने उचलला. त्या आवाजात किंचित थरथर आहे, खऱ्या चेलोची भरीव गोलाई नाही. परंतु 'हंग अप ऑन अ ड्रीम' ऐकताना जाणवते की गाण्याची स्वप्नाळू अवस्था त्या थरथरण्यातूनच उभी राहिली आहे. पुरेसे पैसे असते, तर हे गाणे इतके चांगले झाले नसते, असे मला मनापासून वाटते.

पहिलेच गाणे 'केअर ऑफ सेल 44'. चाल इतकी प्रसन्न की सकाळच्या उन्हात चालत असल्यासारखे वाटावे. शब्दांकडे लक्ष दिले की कळते, तुरुंगातून सुटून घरी येणाऱ्या प्रेयसीला लिहिलेले हे पत्र आहे. मध्येच वाद्ये थांबतात आणि फक्त कंठांचा शब्दहीन मेळ उरतो. 'अ रोज फॉर एमिली' या गाण्यात तर पियानो आणि आवाज यांखेरीज काहीच नाही. एकाकी म्हातारपणाचे हे गाणे बँडचे गायक कॉलिन ब्लनस्टोन कुठेही आवाज न चढवता गातात, आणि त्यांच्या आवाजातील श्वासाचा अंश या अल्बमचे सर्वांत मौल्यवान वाद्य ठरतो. 'बुचर्स टेल' हे पहिल्या महायुद्धाच्या खंदकात थिजून गेलेल्या सैनिकाचे गाणे. ते स्वतः व्हाइट यांनी काहीशा कापऱ्या आवाजात गायले आहे आणि त्याला साथ आहे पायांनी भाता हलवून वाजवायच्या ऑर्गनची. आपल्याकडे संगीत नाटकाच्या पदांना ज्या ऑर्गनची साथ असे, त्याच कुळातील हे वाद्य. इथे मात्र ते घुसमटल्यासारखे वाजते.

अल्बमचे मोनो, म्हणजे सगळे आवाज एकाच वाहिनीवर असलेले, मिश्रण पूर्ण झाल्यावर कंपनीने डाव्या-उजव्या दोन वाहिन्यांची स्टीरिओ आवृत्तीही मागितली. पैसे संपले होते, म्हणून आर्जंट आणि व्हाइट यांनी स्वतःच्या खिशातून 200 पौंड घातले. 'धिस विल बी अवर इयर' या गाण्यातील ब्रास वाद्ये थेट मोनो मिश्रणावरच चढवली होती, त्यामुळे त्यांच्यासह त्या गाण्याची खरी स्टीरिओ आवृत्ती तयारच होऊ शकली नाही. अल्बममधून आधी प्रसिद्ध केलेली गाणी चालली नव्हती. गीतलेखनाची रॉयल्टी आर्जंट आणि व्हाइट यांना मिळे. ब्लनस्टोन, गिटारवादक पॉल ॲटकिन्सन आणि ड्रमवादक ह्यू ग्रंडी यांची मदार कार्यक्रमांच्या बिदागीवर होती आणि ती आटत चालली होती. बँड थांबला. ज्याच्या आवाजावर अल्बम उभा होता, ते ब्लनस्टोन एका विमा कंपनीत कारकून झाले.

अमेरिकेत सीबीएसचीच कोलंबिया कंपनी हा अल्बम काढायला उत्सुक नव्हती. तिथे नव्याने रुजू झालेले संगीतकार अल कूपर यांनी लंडनहून आणलेल्या तबकड्यांच्या ढिगातून तो उचलून धरला आणि वरिष्ठांना गळ घातली. अखेर 'डेट' या उपकंपनीच्या नावाने तो प्रसिद्ध झाला. व्हिएतनाम युद्धाचे दिवस असल्यामुळे स्वतंत्र तबकडी म्हणून काढायच्या गाण्यांत पहिली निवड 'बुचर्स टेल'ची झाली आणि ती सपशेल फसली. मग पाळी आली 'टाइम ऑफ द सीझन'ची, आणि 1969 च्या आरंभी ते गाणे 'बिलबोर्ड' या अमेरिकी साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत तिसऱ्या क्रमांकावर पोहोचले. मागणी होती आणि बँड नव्हता, म्हणून अमेरिकेत झॉम्बीजच्या नावाने तोतये हिंडू लागले. टेक्सासमधील अशा एका तोतया बँडमध्ये डस्टी हिल आणि फ्रँक बियर्ड होते, जे पुढे 'झीझी टॉप' या रॉक बँडमुळे प्रसिद्ध झाले. खरे झॉम्बीज तेव्हा पुन्हा एकत्र आले नाहीत, कारण आर्जंट आणि व्हाइट तोवर नव्या कामात गुंतले होते.

एक गाणे गाजले, तरी अल्बम मागेच राहिला. त्याचा खरा प्रसार संगीतकारांनी संगीतकारांना सांगत केला. 'द जॅम' या इंग्लिश बँडचे पॉल वेलर यांनी तो आपला अत्यंत आवडता अल्बम असल्याचे वारंवार सांगितले, पुनर्मुद्रणे निघत गेली, आणि 2003 मध्ये 'रोलिंग स्टोन' या संगीतविषयक मासिकाने निवडलेल्या 500 श्रेष्ठ अल्बममध्ये त्याला 80 वे स्थान मिळाले. 2012 मध्ये तो 100 व्या आणि 2020 मध्ये 243 व्या क्रमांकावर होता. यादी करणारे बदलले की क्रमांक बदलतात. त्यावरून या संगीताची उंची कमी-जास्त झाली असे मानण्याचे कारण नाही.

मार्च 2008 मध्ये लंडनच्या शेफर्ड्स बुश एम्पायर या सभागृहात हा अल्बम मूळच्या वादकांनी प्रथमच अखंड सादर केला. ॲटकिन्सन 2004 मध्ये निवर्तले होते. उरलेले चौघे मंचावर होते. ध्वनिमुद्रणात आर्जंट यांनी कीबोर्डचे थर एकावर एक चढवले होते आणि ते दोन हातांनी वाजवणे अशक्य होते, म्हणून 'बीच बॉईज' या अमेरिकी बँडचे ब्रायन विल्सन यांच्या वाद्यवृंदातील डॅरियन सहनाजा यांना मुद्दाम बोलावण्यात आले. 2015 मध्ये याच चौघांनी हा अल्बम अमेरिकेतील शहरांत नेला, आणि जिथे एके काळी त्यांचे तोतये टाळ्या घेऊन गेले होते, तिथल्या श्रोत्यांनी अखेर ही बारा गाणी ज्यांची त्यांच्याकडून ऐकली.