पहिल्यांदा गटाचे काम हाती घेताना

श्रोतेहो, नमस्कार.

आपल्या नाशिकमध्ये सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत अनेक तरुण अभियंत्यांच्या हाती पहिल्यांदाच एखाद्या प्रकल्पाची सूत्रे येतात. ही निवड बहुधा कामातील कौशल्यामुळे होते. ज्याचे ड्रॉइंग बिनचूक असते, ज्याचा जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, पहिल्याच तपासणीत पास होतो, त्याच्याकडे वरिष्ठांचे लक्ष जाते. मात्र जे काम तो कालपर्यंत स्वतः उत्तम करत होता, ते आता त्याला इतरांकडून करून घ्यायचे असते, आणि हा बदल वाटतो तितका सोपा नाही. एकाचे काम संपून दुसऱ्याचे सुरू होते, त्या मधल्या जागेकडे पाहणे हेच प्रमुखाचे पहिले काम आहे, असे माझे ठाम मत आहे.

एका नव्या सुट्या भागासाठी फिक्स्चर, म्हणजे काम करताना तो भाग घट्ट धरून ठेवणारे साधन, तयार करायचे आहे, असे समजू. डिझाइन विभाग ड्रॉइंग काढतो, खरेदी विभाग पोलाद मागवतो, टूलरूममध्ये मशिनिंग होते, हीट ट्रीटमेंटसाठी, म्हणजे पोलाद तापवून कठीण करण्यासाठी, जॉब बाहेरच्या व्हेंडरकडे जातो, परत आल्यावर घासून नेमक्या मापाला आणण्याचे ग्राइंडिंग, मापांची तपासणी आणि शेवटी ट्रायल. यातील प्रत्येकाने आपले काम चोख केले तरीही तारीख हुकू शकते. ड्रॉइंगमध्ये झालेली दुरुस्ती टूलरूमपर्यंत पोहोचलेली नसते आणि तिथे जुन्याच कागदावर काम चालू असते. हीट ट्रीटमेंटमध्ये पोलादाचे माप थोडे बदलते, म्हणून ग्राइंडिंगसाठी किती माल जादा ठेवायचा हे आधीच ठरावे लागते. पण मशिनिंग करणारा आणि ग्राइंडिंग करणारा एकमेकांशी त्याबद्दल बोललेलेच नसतात. कधी तर जॉब व्हेंडरकडे तयार असतो आणि तो आणण्यासाठी गाडी कोणी पाठवायची, एवढेच ठरायचे राहिलेले असते. अशा वेळी दोष कोणा एकाच्या माथी मारता येत नाही, आणि म्हणूनच ही जबाबदारी प्रमुखाची ठरते.

वेळेचा हिशेबही याच दृष्टीने करावा लागतो. 1950 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील ड्यूपाँट या रसायन कंपनीत ‘क्रिटिकल पाथ’ ही पद्धत आकाराला आली. तिचे सूत्र असे की, एकमेकांवर अवलंबून असलेल्या कामांची जी साखळी सर्वांत लांब असते, तीच संपूर्ण प्रकल्पाचा कालावधी ठरवते. आपल्या उदाहरणात पोलाद येण्यास उशीर झाला तर शेवटची तारीख पुढे जाईल. मात्र ट्रायलच्या अहवालाचा नमुना दोन दिवस उशिरा तयार झाला तर काहीच बिघडणार नाही. प्रमुखाचे लक्ष त्या लांब साखळीवर असावे.

काम मागे पडले की माणसे वाढवावीत, असे नवख्या प्रमुखाला वाटते. आयबीएममधील मोठ्या प्रकल्पाचा अनुभव असलेल्या फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये लिहून ठेवले की, उशीर झालेल्या सॉफ्टवेअरच्या कामात माणसे वाढवली तर ते काम आणखी लांबते. नव्या माणसाला काम समजावून सांगण्यात जुन्यांचाच वेळ जातो, शिवाय आपसातील बोलणीही वाढतात. चार माणसांत परस्परांच्या सहा जोड्या होतात, तर आठ माणसांत अठ्ठावीस. टूलरूममध्येही हे बऱ्याच अंशी लागू पडते.

आता माणसांविषयी. पंचविशीतील प्रमुखाच्या गटात त्याच्या वयाइतकी वर्षे मशीनवर उभे राहिलेले काका असतात. त्यांना तयार वेळापत्रक हातात देण्याऐवजी ते करण्यापूर्वीच, ‘काका, या जॉबला तुम्हाला किती वेळ लागेल आणि कुठे अडेल?’ असे विचारावे. मिळालेले उत्तर पटले नाही तर कारण विचारावे, पण त्यांच्या वतीने स्वतःच आकडा लिहून मोकळे होऊ नये. निफाड-दिंडोरीकडून येणाऱ्या काही सहकाऱ्यांच्या घरी द्राक्षबाग असते आणि ऑक्टोबरच्या छाटणीच्या वेळी त्यांना घरी थांबावेच लागते. ही गोष्ट जुलैमध्ये ठाऊक असेल तर वेळापत्रकात सामावते, ऐनवेळी कळली तर तीच कुरबुरीचे कारण होते.

दिलेले काम कोणी आपल्यापेक्षा सावकाश करत असेल, तर ते काढून घेऊन स्वतः करण्याचा मोह आवरावा. असे एकदा झाले की पुढच्या वेळी तो सहकारी अडचण सांगायलाही येत नाही. त्याऐवजी काम देतानाच काय हवे, कोणत्या मापात हवे, केव्हा हवे आणि अडल्यास कोणाला विचारायचे, हे स्पष्ट सांगावे, आणि मधला एक टप्पा पाहण्यासाठी ठरवून ठेवावा.

तारीख पुढे जाणार असे दिसू लागले, तर वरिष्ठांना ते त्याच दिवशी सांगावे. पोलाद चार दिवस उशिरा येणार हे आज कळले, तर ते दुसरीकडून मागवता येते किंवा ग्राहकाशी बोलून ट्रायलचा दिवस बदलता येतो. हेच आदल्या संध्याकाळी कळले तर कोणाच्याच हाती काही उरत नाही.

नमस्कार.