पेद्रोच्या आईनं वाचलेली पत्रं

[काळा पडदा. वाऱ्याचा आवाज. थोड्या वेळानं दगडावर ब्रश घासल्याचा आवाज.]

वारा ऐकू येतोय ना? हा स्पेनमधल्या ला मांचाचा वारा. सिनेमातली दृश्यं इथं लावली तर कॉपीराइटवाले दुपारपर्यंत हा व्हिडिओ उतरवतील, तेव्हा चित्र तुम्हीच डोळ्यांसमोर आणा.

एक दफनभूमी आहे. लख्ख ऊन आहे आणि वारा सोसाट्याचा. बायका वाकून वाकून थडगी घासतायत. फडकी, बादल्या, ब्रश, सगळा जामानिमा बरोबर आणलाय. फुलदाणीत फुलं लावली की वारा ती पाडतो, की त्या पुन्हा लावतात. मागे एका जुन्या स्पॅनिश संगीतिकेतलं गाणं चालू आहे, शेतात कणसं वेचणाऱ्या बायकांचं. दोघी बहिणी आपल्या आईवडिलांचं थडगं लखलखीत करतायत. तेवढ्यात गावातली आगुस्तिना येते आणि शेजारचं एक थडगं झाडायला लागते. ते थडगं तिचं स्वतःचं आहे. इथली रीतच तशी आहे म्हणे. जागा आधी घेऊन ठेवायची आणि हातपाय चालतायत तोवर आपणच ती राखायची. माद्रिदहून आलेली शाळकरी मुलगी बघतच राहते. बाकी कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही.

हा 'व्होल्वेर'. साल २००६, दिग्दर्शक पेद्रो आल्मोदोवार. स्पॅनिश माणसं 'बोल्बेर' म्हणतात. अर्थ, परत येणं. हे दृश्य ग्रानातुला दे कालात्राव्हा या गावच्या दफनभूमीत चित्रित झालंय. दिग्दर्शकाचं जन्मगाव काल्सादा दे कालात्राव्हा, तेही ह्याच मुलखात.

माझ्या मते हा त्याचा सर्वांत चांगला सिनेमा आहे.

झालं. एवढं वाक्य उच्चारलं की भांडण पेटतं.

[दृश्य: पोस्टरांनी भरलेली भिंत. कॅमेरा एकेका पोस्टरवरून सावकाश सरकतो.]

आल्मोदोवारच्या चाहत्यांत एकमत झालेलं मी कधी पाहिलं नाही. चाळीसेक वर्षांत वीसहून जास्त सिनेमे, आणि माणूस दर दहा वर्षांनी कात टाकतो. त्यामुळे ज्यानं जिथून सुरुवात केली त्याला तोच खरा आल्मोदोवार वाटतो.

सगळ्यांत आधी जुन्या माद्रिदवाल्यांचं ऐकू. १९७५ मध्ये स्पेनचा हुकूमशहा फ्रँको गेला आणि इतकी वर्षं तोंड दाबून बसलेलं शहर रात्र रात्र जागायला लागलं. त्या गोंधळाला 'मोव्हिदा' म्हणतात. पेद्रो तेव्हा टेलिफोन कंपनीत कारकून होता. फिल्म स्कूल फ्रँकोच्या सरकारनं बंद केलेलं, म्हणून पगारातून सुपर-एट, म्हणजे हौशी लोकांचा छोटा कॅमेरा घेतला आणि सुट्टीत, रात्री-अपरात्री मित्रांना गोळा करून सिनेमे करायचा. नोकरी सुमारे १२ वर्षं चालली. पहिला पूर्ण लांबीचा सिनेमा आला १९८० मध्ये. १९८४ मध्ये त्यानं एक केला, ज्याच्या नावाचा अर्थ साधारण 'असं मी काय केलं म्हणून हे माझ्या वाट्याला?' असा होतो. कार्मेन माउरा त्यात घरकाम करून मेटाकुटीला आलेली बाई आहे, आणि एका भांडणात ती नवऱ्याला हॅमच्या हाडानं मारते. तो मरतो. जुन्या मंडळींच्या मते ह्या हाडात जो दम होता तो पुढं ऑस्कर मिळाल्यावर गेला. गृहस्थ फारच सभ्य झाले, असं त्यांचं म्हणणं.

१९८८ चा 'विमेन ऑन द व्हर्ज ऑफ अ नर्व्हस ब्रेकडाउन' मात्र तेही मान्य करतात. त्यातला झोपेच्या गोळ्या घातलेला गाझपाचो, म्हणजे आपलं टोमॅटोचं सारच म्हणा, फक्त गार, जगभर गाजला. त्यातली एक गंमत लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे. पेद्रोनं आपल्या आईला, फ्रान्सिस्का काबायेरोंना, त्यात टीव्हीवर बातम्या वाचायला बसवलंय. चष्मा लावलेली, गावाकडची म्हातारी, आणि बातम्या देतेय.

[दृश्य: पावसातला रस्ता, गाडीचे दिवे.]

पुढची फळी 'ऑल अबाउट माय मदर'वाल्यांची, आणि संख्येनं बहुधा हीच सर्वांत मोठी. १९९९ मध्ये ह्या सिनेमानं त्याला फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवात उत्कृष्ट दिग्दर्शकाचं पारितोषिक मिळवून दिलं, त्यानंतर परभाषिक चित्रपटाचं ऑस्कर. ह्यांच्याकडे एक हुकमी प्रसंग आहे. मानुएला ही माद्रिदच्या रुग्णालयात अवयवदानाचं काम बघते. डॉक्टरांना सराव व्हावा म्हणून ती नातेवाइकाचं सोंग घेते. नवरा गेलाय आणि डॉक्टर अवयवांबद्दल विचारतायत, असा तो अभिनय. मुलगा बाजूला बसून टिपणं काढतो. लवकरच, मुलाच्या सतराव्या वाढदिवसाच्या सुमारास, त्याच रुग्णालयात त्याच तऱ्हेच्या खुर्चीत ती बसलेली असते. समोर ओळखीचेच डॉक्टर. वाक्यं तीच. ह्या वेळी मुलगा गेलाय.

ह्यावर मी काय बोलणार? मलाही घास गिळवत नाही तो प्रसंग बघताना. पण बार्सेलोनात पोचल्यावर सिनेमात इतकी माणसं आणि इतके योगायोग येतात की माझा हिशेब चुकायला लागतो. हे बोललो की शिव्या मिळतात.

आता 'टॉक टू हर'. जाणकार म्हणवणारे इथं असतात. २००२ चा सिनेमा. मूळ पटकथेचं ऑस्कर मिळालं, तेही इंग्रजीत नसलेल्या पटकथेला, जे अगदी क्वचित होतं. गंमत म्हणजे स्पेननं त्या वर्षी परभाषिक विभागात हा पाठवलाच नव्हता. बीबीसीनं २०१६ मध्ये समीक्षकांकडून ह्या शतकातले उत्तम सिनेमे निवडून घेतले, त्यात हा २८व्या क्रमांकावर होता.

ज्यांनी पाहिला नाही त्यांनी इथं थोडं पुढं सरकवा. कोमात असलेली नर्तकी आलिसिया, आणि तिची रात्रंदिवस शुश्रूषा करणारा परिचारक बेनिग्नो. तो तिच्याशी बोलतो, तिचे केस कापतो, अंग पुसतो, पाहिलेल्या मूकपटाची गोष्ट सांगतो. त्याचा हात इतका हळुवार फिरतो की आपण त्याच्या बाजूचे होऊन बसतो. मग कळतं की ती गरोदर आहे.

आमच्या सिनेमावाल्या कंपूत एक मैत्रीण आयसीयूमध्ये नर्स आहे. सिनेमा संपल्यावर बाकीचे छायाचित्रण, संगीत, त्यातलं जर्मन नृत्यदिग्दर्शिका पिना बाउशचं नृत्य ह्यावर बोलत होते. ती चप्पल घालता घालता म्हणाली, "पेशंटला नाही म्हणता येत नाही. तुमचं बाकी सगळं चालू द्या." आणि गेली.

त्या दिवसापासून ह्या सिनेमाला मी 'सर्वोत्तम' म्हणू शकलेलो नाही. त्याची बांधणी आल्मोदोवारच्या कुठल्याही सिनेमापेक्षा सरस आहे, हे कुणीही शपथेवर लिहून घ्यावं माझ्याकडून. पण दिग्दर्शक बेनिग्नोसाठी आपल्याकडून जी सहानुभूती काढून घेतो, तिची किंमत आलिसियाला कुणी विचारली नाही. काही जण म्हणतात, हाच तर सिनेमाचा विषय आहे. असेल. मला तो दुसऱ्यांदा बघवला नाही.

[दृश्य: कोऱ्या कागदावर दौतीतल्या शाईनं हळूहळू उमटणारी ओळ.]

आता त्या बातम्या वाचणाऱ्या आईकडे येऊ.

पेद्रो आठेक वर्षांचा असताना कुटुंब ला मांचा सोडून पश्चिमेला, एक्स्त्रेमादुरात गेलं. तिथं शेजारपाजारी बरेच निरक्षर. आईनं घरखर्चाला हातभार म्हणून लोकांची पत्रं लिहून द्यायचं आणि आलेली वाचून दाखवायचं काम धरलं. मुलगा शेजारी बसून ऐकायचा. एकदा त्याच्या लक्षात आलं की आई जे वाचतेय ते कागदावर नाहीच. पत्रात एका आजीचं नावसुद्धा नव्हतं, आणि आईच्या वाचनात मात्र त्या आजीची किती आठवण येते ह्याचं रसभरीत वर्णन चाललेलं. घरी आल्यावर त्यानं तिला हटकलं. तिचं म्हणणं एवढंच की ती बाई किती खूश झाली ते पाहिलंस ना?

१९९९ च्या सप्टेंबरात आई गेली. त्यानंतर लिहिलेल्या लेखात त्यानं ही आठवण सांगितली आहे, आणि गोष्ट रचणं म्हणजे काय हे आपण तिथं शिकलो असंही. जगणं सुसह्य व्हायला त्यात थोडं पदरचं घालावं लागतं, अशा अर्थाचं.

मी 'व्होल्वेर'च्या बाजूनं का भांडतो, त्याचं कारण ह्या पत्रात आहे. आईच्या मृत्यूला सात वर्षं होत आली आणि ह्यानं सिनेमा काढला, ज्यात मेलेली आई परत येते. गाडीच्या डिकीतून.

खरंच डिकीतून. त्या दोघी बहिणींतली सोले मावशीच्या मयताहून परतून माद्रिदला गाडी उभी करते, तर डिकीतून ठकठक आणि आईचा आवाज. भूतच ते. पण ह्या भुताचे केस पांढरे आणि पिंजारलेले आहेत, सोले घरातच चोरून चालवते त्या ब्यूटी पार्लरमध्ये ते गिऱ्हाइकांची डोकी धुतं, आणि कुणी विचारलं तर रशियन बाई असल्याची बतावणी करतं. दुसरी मुलगी राइमुंदा, म्हणजे पेनेलोपी क्रूझ, घरात येते आणि तिला आईच्या पादण्याचा वास येतो. दोघी बहिणी त्यावरून पोट धरून हसतात, आणि आई पलंगाखाली लपून ते ऐकतेय. जगातल्या कुठल्या भुताची ओळख अशी पटली असेल?

[आवाज: स्वयंपाकघरातला नळ. बंद होतो.]

एक दृश्य जवळून सांगतो. राइमुंदाचा नवरा मुलीच्या अंगावर गेला, मुलीनं सुरी चालवली. प्रेत स्वयंपाकघरात पडलंय. राइमुंदा आत येते, बघते, आणि क्षणभरानं कामाला लागते. रक्तावर किचन टॉवेलचा पांढरा कागद टाकते. कॅमेरा वरून बघतो. कागदाच्या नक्षीत लाल रंग सावकाश झिरपत जातो, एखादं कापड छापावं तसा. मग फरशी, मग सुरी, नळाखाली, नेहमीच्या भांड्यांसारखी. दारावरची बेल वाजते. शेजारी उभा. तिच्या मानेवर रक्त आहे. तो विचारतो, लागलं का? ती सांगते, बायकांचं काहीतरी असतं ते. तो गप्प.

ह्या बायका पहिल्या दृश्यापासून घासतायत, हे तेव्हा डोक्यात शिरतं. थडगं, फरशी, गिऱ्हाइकांची डोकी. नंतर हॉटेलातला फ्रीझर, ज्यात त्या नवऱ्याला ठेवलाय. १९८४ मधली हाडवाली बाई एकटी होती. राइमुंदाच्या मदतीला गल्लीतल्या बायका येतात, आणि फ्रीझरमध्ये काय आहे असं खोदून कुणी विचारत नाही. कानच्या ज्युरीनंही त्या वर्षी उत्कृष्ट अभिनेत्रीचं पारितोषिक एकीला न देता सहाजणींना मिळून दिलं. आणि जुन्या माद्रिदवाल्यांनो, त्यांतली आई तुमची कार्मेन माउराच आहे, सतरा-अठरा वर्षांनी पेद्रोकडे परतलेली.

एक अडचण मी लपवत नाही. शेवटाकडे आई बाकावर बसून सगळं गुपित तोंडानं सांगून टाकते, आणि ते सांगणं लांबतं. सिनेमा तिथं बसकण मारतो. आणि इंग्रजी सबटायटलं जीव खातात. पडद्यावर 'मॉम' उमटतं आणि माझ्या कानात मात्र 'अगं आई' असतं. आपल्या भाषेत हा सिनेमा जास्त चांगला कळेल, असं मला कायम वाटत आलंय.

खरा दावेदार म्हणाल तर २०१९ चा 'पेन अँड ग्लोरी'. अंतोनियो बांदेरास त्यात थकलेला, दुखऱ्या पाठीचा दिग्दर्शक झालाय, आणि सेटवरचं घर पेद्रोच्याच घरासारखं, त्याचंच सामान आणून सजवलेलं. त्यातली म्हातारी आई मुलाला बजावते की मला पुरताना पाय बांधलेच तर तू सोड, मला तिकडं हलकं होऊन जायचंय. शेजारणींना सिनेमात घालतोस ते मला आवडत नाही, हेही सुनावते. बांदेराससाठी मी हा सिनेमा पुनःपुन्हा बघेन. पण तिथं आईला शेवटी सत्यच बोलायला लावलंय. माझ्या डोक्यातली पेद्रोची आई पदरचं घालून वाचणारी आहे.

[पुन्हा वारा. पडदा काळा.]

आता 'व्होल्वेर'चा शेवट सांगतो. ज्यांना नको त्यांनी आवाज बंद करा.

आई भूत नव्हतीच. ती मेलीच नव्हती. नवरा आगुस्तिनाच्या आईबरोबर झोपडीत झोपलेला तिनं पाहिला आणि झोपडी पेटवून दिली. आत जळालेली बाई हीच, असं गावानं धरलं आणि तिला पुरलं. म्हणजे पहिल्या दृश्यात दोघी बहिणी ज्या थडग्यावर जीव तोडून ब्रश चालवतायत, त्यात त्यांची आई नाही. तिथं आगुस्तिनाची आई आहे, जिला ती पोरगी सिनेमाभर शोधतेय. शेजारीच वाकून ती स्वतःचं थडगं झाडत होती.

आता आगुस्तिनाला कॅन्सर आहे, दिवस थोडे उरलेत. भूत तिच्या घरी राहायला येतं. गावाला भुतांचं नवल नाही, त्यामुळे कुणी काही विचारणार नाही. आई तिला इंजेक्शन देते, पांघरूण घालते. राइमुंदा दारात येते, दोघींचे डोळे भरतात, आणि आई म्हणते की भुतं रडत नसतात. मग ती आत वळते, आगुस्तिनाकडे जायला.